माझ्या नावानं खेळलेला रोशन

रोशन खोब्रागडे माझ्यापेक्षा दहा महिन्यांनी लहान आहे आणि आठ महिन्यांनी मोठा आहे. पहिलं खरं, दुसरं सरकारी.

त्याची आई, प्रेमिलाकाकू, खापरखेड्याजवळ राखेच्या विटांच्या कारखान्यात जायची. वडील नव्हते. घरी सांभाळायला आजोबा, दादाजी, पण त्यांना दिसायचं कमी आणि पोरगं पळायचं फार. म्हणून साडेचार वर्षांच्या रोशनला बखोटीला धरून दादाजी शाळेत गेले आणि हेडमास्तरांना ठणकावून सांगितलं की याले सहा पुरे झाले. जन्मतारीख विचारली तेव्हा म्हणाले, ‘तुमाले सोयीची वाटते ते लिवा न गुरुजी.’ हेडमास्तरांनी एक जून लिहिली. आमच्या वर्गात अकरा पोरांचा वाढदिवस एक जूनला होता. त्यातल्या दहांचं काही बिघडलं नाही.

मी पियूष लांजेवार. माझे वडील खापरखेड्याच्याच वीज केंद्रात कायम नोकरीत, आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. रोशनची वस्ती कॉलनीच्या कुंपणापलीकडे. कुंपणाला एक भोक होतं, त्यातून तो यायचा. सुरक्षा रक्षक ते भोक दरवर्षी बुजवायचे आणि आम्ही दरवर्षी दुसरं पाडायचो.

सहावीच्या उन्हाळ्यात कृष्णकांत सरांनी बेसबॉल आणला. सर आमचे पीटीचे शिक्षक. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना गोणपाटात दोन बॅटी, सात ग्लोव्ह अन् तीन बॉल घेऊन आले. पोट्टे म्हणाले, सर, क्रिकेटच खेळू न, हे काय लाकूडतोड्याचं काम. सरांनी ऐकलं नाही. पहाटे पाचला मैदानावर यायचं, साडेसातला सुट्टी, कारण त्यानंतर नागपूरकडचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. राखेनं भरलेल्या सिमेंटच्या पिशव्या म्हणजे बेस. कॅचरला तोंडाचा पिंजरा नव्हता, तर सरांनी आपल्या स्कूटरचं हेल्मेट दिलं. आया पोरांच्या खिशात लू लागू नये म्हणून कांदा घालून पाठवायच्या आणि खेळ संपला की सगळ्या मैदानावर ठेचलेल्या कांद्याचा वास असायचा.

रोशनच्या डाव्या हातात काय होतं ते सरांनी तिसऱ्या दिवशी ओळखलं. बॉल सरळ यायचा, यायचा, आणि बॅटजवळ आल्यावर खाली बसायचा. कुणाच्याच बॅटला तो लागत नव्हता. अडचण अशी की तो कुणालाच धरताही येत नव्हता. एकट्या मला यायचा. म्हणजे माझं कौतुक नाही. मी घाबरट होतो, आणि घाबरट माणूस बॉलवरची नजर काढत नाही. हेल्मेट घालून मी उकिडवा बसायचो, पायांच्या मधे बोटं दाखवायचो. एक बोट म्हणजे सरळ, दोन बोटं म्हणजे खाली बसणारा. रोशन मान हलवायचा. मी सांगेन ते तो टाकायचा. त्यानं कधी ‘नाही’ अशी मान हलवली नाही, एकदाही नाही. कॉलनीतला लांजेवार आणि वस्तीतला खोब्रागडे ही जोडी पाच उन्हाळे अशीच चालली. माझ्या आजीला ते आवडत नव्हतं. तिनं रोशनसाठी वेगळा पेला ठेवला होता. रोशनला ते कळायचं. तो म्हणायचा, ‘मले तुह्या घरी पानीच नको पाजू, मैदानावर नळ हाय.’ मी आजीला कधी काही बोललो नाही. तेव्हापासूनच मला गप्प बसायची सवय आहे, असं आता वाटतं.

दहावीची परीक्षा झाली, त्या उन्हाळ्यात सोळा वर्षांखालच्या राज्याच्या संघाची निवड होती. रोशनचा कागद उघडताच घोडं अडलं. एक जूनमुळे तो सात महिन्यांनी बाद होत होता. प्रेमिलाकाकू शाळेत गेल्या, दवाखान्यातून जन्माची नोंद काढायला गेल्या. नोंद सापडली नाही, कारण रोशन घरी जन्मला होता. दादाजी तर वारलेलेच होते. निवड झाली माझी. रोशनचा बॉल धरतो म्हणून मी निवडला गेलो, आणि बॉल टाकणारा घरी राहिला.

रोशन रुसला नाही. सराव करायला रोज यायचा. ‘तुले हात पाहिजे न गरम,’ म्हणायचा. जायच्या आठ दिवस आधी मी दोन बोटं दाखवली आणि डोक्यात काहीतरी दुसरंच असल्यामुळे सरळ बॉलसाठी बसलो. बॉल खाली बसला आणि माझ्या उघड्या उजव्या अंगठ्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी आला, दुखणं नंतर. चूक शंभर टक्के माझी होती. पण रोशन तिथं मातीत बसून रडत होता आणि म्हणत होता, ‘मीच टाकला न बे, मीच टाकला.’

त्यावर कृष्णकांत सरांनी जे केलं ते चूक होतं, हे त्यांनाही माहीत होतं. संघाचे कोच म्हणून तेच जाणार होते, तेव्हा त्यांनी नवा फॉर्म आणला. नाव माझं, जन्मतारीख माझी, शाळेचा दाखला माझा, फोटो रोशनचा. सर म्हणाले, ‘हा पोरगा खरोखर पंधराचाही नाही. कागद खोटा आहे, तर आपण दुसरा कागद लावतोय, एवढंच.’ मी हो म्हटलं. प्लास्टरमध्ये हात घेऊन मी आणखी काय म्हणणार होतो! सर, रोशन आणि मी, तिघांच्या बाहेर हे कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरलं. माझ्या घरच्यांना सांगितलं की मी राखीव म्हणून संघात आहे, अंगठ्यामुळे जाणार नाही. प्रेमिलाकाकूंना सांगितलं की सर रोशनला सामान उचलायला नेतायत.

ती स्पर्धा पंजाबात झाली. रोशन बारा दिवस पियूष लांजेवार होता. परत आला तेव्हा गळ्यात रुपेरी पदक, हातात सर्टिफिकेट. सर्टिफिकेट माझ्या हातात दिलं, पदक आपल्याकडे ठेवलं, कारण पदकावर नाव नसतं. आणि मग फायनलची गोष्ट सांगितली, जी त्यानं पुढच्या अठरा वर्षांत मला शंभरदा तरी सांगितली असेल. सातवी इनिंग, बरोबरीत सामना, तिसऱ्या बेसवर समोरचा गडी. रोशननं खाली बसणारा बॉल टाकला. बॅट हवेत फिरली. बॉल इतका खाली बसला की कॅचरच्या हाताखालून मागे गेला आणि तिसऱ्या बेसवरचा पळत होम बेसला पोचला. एका रननं हरले. ‘तो सोलापूरचा कॅचर चांगला होता बे,’ रोशन दरवेळी म्हणायचा, ‘पण तू असता तं थांबला असता तो बॉल.’

त्यानंतर दोघांचे रस्ते वेगळे झाले. मी नागपुरात कॉलेजला गेलो. प्रेमिलाकाकूंचे गुडघे गेले म्हणून रोशन त्यांच्या जागी विटा उचलायला लागला. पुढे खेळायचं तर पुन्हा तोच एक जून आडवा. वरच्या गटात खेळ, असं सर म्हणाले, पण वरच्या गटाच्या सरावाला नागपुरात रोज यायचं आणि विटा कुणी उचलायच्या?

मी बावीस वर्षांचा होतो तेव्हा लिपिकाच्या जागा निघाल्या. पाच टक्के खेळाडूंसाठी राखीव. माझे मार्क साधारण, एरवी नोकरी लागणं शक्य नव्हतं. सर्टिफिकेट कपाटात होतं. मी दोन दिवस झोपलो नाही आणि तिसऱ्या दिवशी खापरखेड्याला गेलो. रोशन ट्रॅक्टरवर विटा रचत होता. त्यानं ऐकलं आणि हसला.

‘कागद तुह्या नावाचा हाय. मी का त्याले चाटू? लाव न बे.’

‘पण खेळला तू.’

‘मंग? मले कोन देते त्याच्यावर नोकरी? फुकट चाललं होतं, कोनाच्या तरी कामी येऊन राहिलं.’

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. नोकरी लागली. नागपुरात हुडकेश्वरला फ्लॅट घेतला, लग्न केलं, दोन मुली झाल्या. बायकोला, वेदिकाला, मी खेळाडू असल्याचा अभिमान आहे. ती लोकांना सांगते तेव्हा मी विषय बदलतो आणि लोकांना तो विनय वाटतो. कृष्णकांत सर कोरोनात गेले. आता हे माहीत असणारे दोघंच उरलो.

रोशनचंही लग्न झालं. मोनाली भंडाऱ्याकडची, बारावी शिकलेली, शांत. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात रोशननं तिला फायनलची गोष्ट सांगितली. पण सांगताना एवढंच सांगितलं की मी पंजाबात नॅशनल खेळलो. कुणाच्या नावानं, ते सांगितलं नाही. माझ्या नोकरीला धक्का नको म्हणून बायकोपासूनही ते लपवलं. पदक मात्र त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेलं असायचं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मला पत्र आलं. खेळाडू कोट्यातून लागलेल्या सगळ्यांच्या सर्टिफिकेटची फेरतपासणी. पुराव्यानिशी समितीसमोर हजर राहा. पत्र वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. वेदिकाला काही सांगितलं नाही. सरळ मोटरसायकल काढून रोशनकडे गेलो.

आठ दिवस रोज संध्याकाळी तो माझ्याकडून तयारी करून घ्यायचा. मैदान कसं होतं, ड्रेसचा रंग कोणता, जेवण कुठं, सेमीफायनल कुणाशी. कमरेला पट्टा बांधून तो उभा राहायचा, कारण तोवर विटांनी त्याच्या पाठीचा मणका घासला होता आणि डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलं होतं. तरी उचलत होताच. ‘बॉल टाकून दाखवा म्हनले तं?’ असं म्हणून त्यानं मला माझ्या उजव्या हातानं तो बॉल टाकायला शिकवला. तो काही बसायचा नाही. ‘सांगून देजो, अंगठा मोडला तवापासून जमत नाही. खरंच तं हाय.’ शेवटच्या दिवशी त्यानं खिळ्यावरचं पदक काढून माझ्या हातात दिलं. मोनाली दारात उभी राहून पाहत होती. मी ते शर्टाच्या खिशात घातलं.

समितीत तीन जण होते. मी पदक टेबलावर ठेवलं. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी, ते स्वतः खेळलेले असावेत, विचारलं, ‘फायनलचा शेवटचा बॉल आठवतो?’ मी सगळं सांगितलं. बॅट हवेत फिरली, बॉल कॅचरच्या हाताखालून गेला. आणि का कोण जाणे, पुढचंही तोंडातून गेलं, ‘माझा एक मित्र कॅचर होता सर. तो असता तर थांबला असता.’ गृहस्थ हसले. म्हणाले, ‘हे खोटं बोलणाऱ्याला सुचत नाही.’ मी बाहेर येऊन जिन्यातच बसलो. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती, आणि सुटल्याचा आनंदही तेवढाच झाला होता. आदेश महिनाभरात येईल म्हणाले. मी जीव मुठीत घेऊन महिना मोजू लागलो.

त्या महिन्यातच रोशनचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझ्याकडून काही हवं होतं.

नागपुरातल्या जरीपटक्याच्या एका शाळेत उन्हाळी शिबिरापासून बेसबॉल सुरू करायचा होता. कोच पाहिजे होता, कायमचा. कुणीतरी रोशनचं नाव सांगितलं. हिमानी मॅडम म्हणून मुख्याध्यापिका, त्यांनी त्याला मैदानावर बोलावून खेळवून पाहिलं आणि त्यांना तो आवडला. फक्त संस्थेला नॅशनल खेळलेला माणूस पाहिजे होता आणि रोशनकडे कागद नव्हता. मॅडम म्हणाल्या, कुणी ओळखीचा नॅशनल खेळाडू येऊन सांगेल तर मी संस्थेला लिहीन.

‘तू फक्त तोंडानं सांग,’ रोशन म्हणाला. ‘सही नको, काही नको. विटा आता होत नाही न बे माह्याच्यानं.’

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, हे मी शपथेवर सांगतो.

शाळेत मोनालीही आली होती. नवीन साडी, केसांत गजरा. नवऱ्याची नोकरी पक्की होताना पाहायची होती तिला. रोशननं माझी ओळख करून दिली, ‘हे पियूषभाऊ, नॅशनल प्लेयर, सरकारी नोकरीत हायत,’ आणि त्याचा चेहरा असा फुलला की जणू तो माझा नव्हे, स्वतःचाच मान सांगत होता.

हिमानी मॅडम भल्या बाई होत्या. त्यांनी चहा मागवला. मग कागद पुढे ओढून पेनचं टोपण काढलं. ‘यांच्याबरोबर तुम्ही खेळलात ना? कुठली स्पर्धा, कुठलं साल? मी संस्थेला लिहिते, ते संघटनेकडून यादी मागवून घेतील, म्हणजे प्रश्नच नाही.’

यादी. त्या यादीत रोशन खोब्रागडे नव्हता, पियूष लांजेवार होता. आणि माझा आदेश अजून यायचा होता. चोराच्या मनात चांदणं. मला त्या पेनाच्या टोकाशी हुडकेश्वरचा फ्लॅट दिसला, दोन्ही मुलींची शाळा दिसली, वेदिकाचं तोंड दिसलं.

‘कॉलनीत खेळायचा आमच्याबरोबर,’ मी म्हणालो. ‘चांगला खेळायचा.’

‘म्हणजे नॅशनल नाही?’

‘नाही.’

मॅडमनी टोपण लावलं. मोनालीनं माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. रोशन टेबलावरच्या काचेखालची वेळापत्रकं वाचत होता. मॅडम हळूच म्हणाल्या की आमचा नाइलाज आहे. आणि उठताना मला म्हणाल्या, ‘तुम्हीच का येत नाही रविवारी सकाळी? मुलांना खऱ्या नॅशनल प्लेयरकडून शिकायला मिळेल.’ जमिनीनं गिळावं म्हणतात, तसं वाटलं. तिनं गिळलं नाही.

बाहेर बाजारात गर्दी होती. मोनाली पुढे चालत होती, एकटी. रोशन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘बरोबर बोलला तू. लिहून घेऊन राहिली होती न ते. मलेच समजाले पाहिजे होतं.’ त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते. त्यानं तसं काही केलं नाही. ऊन लागते, घरी जा, म्हणाला.

आदेश आला. सर्टिफिकेट वैध. मी कुणालाच पेढे दिले नाहीत. पदक ऑफिसच्या खणात पडून होतं. परत करायला जायचं धाडस होत नव्हतं. रोशनला फोन केला तर तो नेहमीसारखाच बोलायचा, तेच ऐकवत नव्हतं. शेवटी मे महिन्यात एका रविवारी सकाळी मी खापरखेड्याला गेलो. काय ते आज सांगून टाकायचं, निदान मोनालीला, मग नोकरीचं जे व्हायचं ते होवो, असं ठरवूनच गेलो.

घरात मोनाली एकटी होती. रोशन नळावर पाणी आणायला गेला होता. तिच्या हातांना राख लागलेली. आता विटांवर ती जायला लागली होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग दाराला टेकून उभी राहिली.

‘भाऊजी, एक विचारू? खरं सांगजा.’

‘विचारा न वहिनी.’

‘लग्न झालं तवापासून हे मले त्या मॅचची गोष्ट सांगून राहिले. मी माह्या माहेरी सांगितली. पोरीच्या शाळेत सांगितली. मंग ते मेडल तुमी घेऊन गेले. मले वाटलं, नेलं असन कामाले. मंग त्या दिवशी तुमी मॅडमले नाही म्हनलं.’ ती थांबली. ‘पैसा नाही, त्याचं मले दुःख नाही. पन बारा वर्षं मले काहून खोटं सांगावं? मी का हसली असती?’

मग मी बोललो. सगळं बोललो. अंगठा, फॉर्म, सरांचं, पंजाबचं. ‘खोटं नाही बोलला तो, वहिनी. तोच खेळला. माह्या नावानं खेळला. माही नोकरी त्याच्या हातची हाय. खोटा मी हावो.’ अठरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारत होतो.

ती माझ्याकडे एकटक पाहत होती. विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. तेवढ्यात रोशन बादली घेऊन आत आला. कमरेत वाकला होता. त्यानं ऐकलं असणार, भिंत ती केवढी.

‘अहो, खरं हाय का हे?’ मोनालीनं विचारलं. ‘भाऊजी म्हनून राहिले, तुमीच खेळले म्हनून. यायच्या नावानं.’

रोशननं बादली खाली ठेवली. सांडलेलं पाणी पायानं पुसलं. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

‘नाही वं,’ तो म्हणाला. ‘मन राखून राहिला तो माह्यं. मी कुठचा पंजाबात जातो. लहानपनीची गंमत होती, सांगून देली तुले. आता कोनाजवळ काढू नको ते.’

‘रोशन,’ मी म्हणालो.

‘चूप बे.’

मोनालीनं डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘त्यायचं मन राखासाठी तुमी स्वतःची नोकरी पनाले लावाले निघाले, भाऊजी. असा दोस्त नशिबानंच भेटते.’

आणि ती चहा मांडायला आत गेली. मला तेव्हाही ओरडून सांगता आलं असतं. रोशननं खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, ‘बस. चहा पिऊन जाजो.’ मी बसलो.